दोनशे शब्दांत, स्वहस्ताक्षरात

अंबड, ३ जून २०२५

चि. अर्पिता,

तुझ्या पत्राला स्टेपलरच्या पाच पिना होत्या. पाच. दोन पानांना एक पीन पुरते, हे तहसील कचेरीतला शिपाईसुद्धा जाणतो, आणि तो बाकी काही जाणत नाही अशी त्याची ख्याती आहे. तिसरी पीन काढताना माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात घुसली. अर्जनवीसाचा उजवा अंगठा म्हणजे त्याचा कारखाना. सबब दोन दिवस धंदा बंद. तीन गिऱ्हाइकं समोरच्या सेतू केंद्रात गेली आणि तिथल्या बाईंनी एकाच्या वारस-अर्जात मयतालाच अर्जदार केलं. या सगळ्याची नैतिक जबाबदारी तुझ्यावर येते. मी तक्रार करत नाही. नोंद करून ठेवतो.

आता मुद्दा. अकरा वर्षांत तुमच्या घरातून मला आलेला हा पहिला कागद. त्यात नमस्कार नाही, 'कसे आहात' नाही. 'बाबा म्हणाले म्हणून लिहिते, मी आपण होऊन लिहिलं नसतं,' हे पहिलंच वाक्य. माझ्या बहिणीची लेक आहेस, शंका नको. तुला मुलींच्या सैनिकी अकादमीत जायचं आहे. फॉर्मबरोबर स्वतःविषयी दोनशे शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून हवेत: मी कोण, आणि मला इथे का यायचं आहे. तीस तारखेच्या आत पोचायला हवेत. आणि हरिओम दाजींचं म्हणणं असं की कागद करावा तर संपतमामानेच.

दाजींचं म्हणणं बराबर आहे. मी सव्वीस वर्षं कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसलोय. माझ्या अर्जांनी विहिरी मंजूर झाल्या, बदल्या रद्द झाल्या, एका गृहस्थाला तर नको असलेली बायको परत मिळाली. माझा कायदा एकच. अर्जदार कागदावर जेवढा खाली वाकतो, तेवढा कागद वरच्या टेबलावर जातो. खालचा मसुदा तुझ्या अक्षरात उतरवून घे.

'मा. महोदय यांचे सेवेशी. मी खाली सही करणार कु. अर्पिता हरिओम, रा. टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, विनंती अर्ज सादर करते की, मी अत्यंत गरीब, होतकरू व निराधार मुलगी असून बालपणीच माझे पितृछत्र हरपले आहे. आई सतत आजारी. घरात कमावते कोणी नाही. तरी मेहेरबानांनी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार करून मला सैन्यात घेण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.'

शब्द कमी भरलेत. उरलेल्या जागेत परिस्थिती आणखी बिघडवता येईल. कळव.

तुझा मामा,
संपत

टेंभुर्णी, ८ जून

मामा,

तुमचा अर्ज मी मोठ्यानं वाचला. 'पितृछत्र हरपले' इथं आले तेव्हा बाबा समोर बसून बशीत चहा ओतत होते. त्यांनी विचारलं, "कधी?"

मी सांगितलं, बालपणीच.

"कोन्या रोगानं?"

मी म्हटलं, मामानं लिहिलं न्हाई. तर म्हणाले, "इचारून घे. मुलाखतीत इचारतील." आणि इतके हसले की चहा सांडला. मला हसू आलं न्हाई.

आई आजारी न्हाई. या वयात ती डोक्यावर पन्नास किलोचं पोतं चढवते आणि वर मला म्हणते, तू काय पळतीस, पळणं म्हंजे काय काम आहे का. हे पत्र तिला माहीत न्हाई. तुम्ही वसंताकाकांच्या घरी भर बारशात बाबांना खोटारडे म्हणालात तेव्हापासून तिनं तुमचं नाव टाकलंय. तुमचा नंबर घरातल्या तिन्ही फोनातून काढलाय, म्हणून हे टपाल.

आणि ती अकादमी आहे, निराधार योजना न्हाई. मी रोज पहाटे जाफ्राबाद रोडला पाच किलोमीटर पळते. कुत्री मागं लागतात. त्यांनी कधी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीनं विचार केला न्हाई, म्हणूनच माझा वेळ सुधारला. मला कोणाची कृपा नको. मला तिथल्या लोकांनी माझ्याकडं बघून हो किंवा न्हाई म्हणावं, एवढंच हवंय.

मी हा विषय इथंच संपवला असता. पण बाबांचा निरोप आहे: "मामाला म्हनावं, मला जिता ठेव आन् पुन्हा लिही." त्यांचा तुमच्यावर एवढा भरोसा कशामुळं, हे मला आजपर्यंत कळलेलं न्हाई.

अर्पिता

ता. क. या वेळी एकच पीन लावली आहे. अंगठा सांभाळा. तुमच्याकडं तेवढंच कामाचं दिसतं.

अंबड, १२ जून

चि. अर्पिता,

दाजींना जिवंत केलं आहे. सव्वीस वर्षांत मी अनेकांना मारलं, वारसाला लागतं म्हणून. उलटा प्रकार पहिल्यांदाच. माझ्याकडून दीर्घायुष्य चिंतितो.

तुझ्या पत्राचा सूर मी ओळखतो. सतरा वर्षांच्या माणसाला वाटतं की जगात कोणीतरी आपल्याकडे बघतं. पोरी, कोणी बघत नाही. साहेबासमोर चारशे कागद असतात, पंखा कुरकुरत असतो आणि त्याचं लक्ष डब्यात काय आलंय याकडे असतं. तुझ्या पाच किलोमीटरने त्याची मान वर होणार नाही. ती वर व्हायला कागदात मीठ लागतं. मीठ थोडं जास्तच लागतं. मी उगाच टाकत नाही, तीच माझी विद्या आहे.

तुला वाकायचं नाही ना? मंग ताठ उभी राहा. सैन्यवाल्यांना घराणं आवडतं. घे:

'माझ्या रक्तातच देशसेवा आहे. माझे पणजोबा कै. रखमाजी यांनी निजामी राजवटीत चार महिने तुरुंगवास भोगला. अन्यायापुढे न झुकण्याचे बाळकडू मला त्यांच्याकडून मिळाले. वडील हरिओम यांनी औद्योगिक क्षेत्रात राष्ट्रउभारणीसाठी चौदा...'

इथे मी थांबलो आणि वडिलांचं वाक्य काढलं. पणजोबाच पुरेत. यात एक अक्षर खोटं नाही. रखमाजी चार महिने तुरुंगात होते, जालन्याच्या, याला कागद आहे. कशासाठी होते हे अकादमी विचारत नाही, आणि विचारलं तर 'राजकीय' म्हणायचं.

संपतमामा

टेंभुर्णी, १७ जून

मामा,

पणजोबा बैल चोरून आत गेल्ते. हे टेंभुर्णीत शेंबड्या पोराला माहीत आहे. ज्याचा बैल होता त्याचा पणतू माझ्या वर्गात आहे आणि आम्ही भांडलो की तो अजून बैल मागतो. 'राजकीय' म्हणे.

तुम्हाला कागदावर साधा माणूस दिसतच न्हाई का? एकदा मारता, एकदा तुरुंगात घालून हार घालता. आहे तसा एकदा पण न्हाई.

मी माझं मी लिहिलं. त्यातला मुख्य भाग खाली उतरवला आहे. तुमच्या मंजुरीसाठी न्हाई. बाबा म्हणाले, मामाला दाखव, म्हणून. २६ तारखेला हे स्पीड पोस्टानं जाणार आहे.

'माझं नाव अर्पिता. मी टेंभुर्णीची. माझे वडील जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होते. मी सहा वर्षांची असताना यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. नुकसानभरपाईच्या अर्जात त्यांनी चार वर्षांऐवजी चौदा वर्षं नोकरी झाल्याचं सांगितलं. अर्जाच्या चौदा वर्षं आधी तो कारखानाच नव्हता. एक खोटं सापडल्यावर बाकीचं खरं कोणी ऐकून घेतलं नाही. आता ते पहारेकरी आहेत. माझे वडील वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्यासोबत बाजारात गेलं की कोणीतरी "चौदा वर्षं" म्हणतं आणि बाकीचे हसतात. मी तेव्हा त्यांचा हात सोडायचे, हे मला सांगायला हवं. मला अशा ठिकाणी जायचं आहे जिथे माणूस जेवढं आहे तेवढंच सांगतो आणि त्याच्या सांगण्यावर बाकीचे जीव सोपवून विसंबतात. मी पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळते. मला पोहता येत नाही. शिकेन.'

मी हे बाबांना वाचून दाखवलं. वाटलं चिडतील. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, "चांगलं लिव्हलं" म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

शुद्धलेखन तपासायचं असेल तर तपासा. मीठ घालू नका.

अर्पिता

टेंभुर्णी, १९ जून

संपत,

पोरीच्या दप्तरात तुझे कागद सापडले. मला इचारलं असतं तर मी चुलीत घातले असते. आता वाचले तर वाचले.

तिनं लिव्हलेलं बी वाचलं. तिनं यान्ला वाचून दाखवलं तव्हा मी आतच व्हते, भाकरी करून राह्यले व्हते. हे चांगलं म्हनले आन् गेले. डबा घेऊन गेले तसा वापस आला. दोन दिवस झाले, डबा तसाच वापस येतो.

अकरा वर्षं मी या मानसाला एकच गोष्ट इचारली. तुमी चौदा म्हनले व्हते का? नुसते हसतेत. म्हनतेत, जाऊ दे नंदे. मी यांच्या संगं बावीस वर्षं संसार केला. हे भाजीवाल्यानं एक कांदा जास्ती टाकला तर वापस द्यायला जातेत. या मानसाच्या तोंडून चौदा निघतं का?

तू कागदवाला. तुला सगळ्याच्या पोटातलं माहीत. तू सांग. न्हाई सांगायचं तर माझ्या लेकीला पुन्हा लिव्हू नको, आन् मेले तरी माझ्या दारात येऊ नको.

नंदाबाई

अंबड, २३ जून

चि. अर्पिता,

हे टपालाने पाठवत नाही, वेळ नाही. इस्माईलभाई टेम्पो घेऊन टेंभुर्णीच्या बाजाराला चालले आहेत, त्यांच्या हाती देतोय. तुझ्या हातात पडेपर्यंत ते निघणार नाहीत, असं कबूल करून घेतलंय.

तुझ्या निवेदनात एक वाक्य खोटं आहे. ते २६ तारखेआधी काढ.

तुझ्या वडिलांनी चार सांगितली होती.

ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले होते. हात बांधलेला, बांधलेल्यातून पिवळं येत होतं. मी विचारलं, किती वर्षं झाली नोकरीला? म्हणाले, "चार, भौ." मी कच्च्या कागदावर चार लिहिलं. मंग पक्का अर्ज करायला बसलो आणि चौदा लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं नाही. सही डाव्या हाताने घेतली, म्हणालो, इथं करा.

का लिहिलं? त्याचं मोठं कारण असतं तर मी अकरा वर्षांत ते कोणाला तरी ऐकवलं असतं. चार वर्षांच्या माणसाला 'पुढच्या महिन्यात या' म्हणतात आणि चौदा वर्षांच्या माणसाला खुर्ची देतात, असा माझा अनुभव. सगळ्यांच्या अर्जात टाकतो तसं थोडं टाकलं. कारखाना कधी उभा राहिला, हे मी विचारलंच नाही.

चौकशीला मी सोबत गेलो होतो, मागे उभा होतो. मालकाच्या वकिलाने कागद काढला आणि हसत हसत म्हणाला, साहेब, चौदा वर्षांपूर्वी तिथं ज्वारी होती. सगळे हसले. साहेबही. मंग साहेबाने दाजींना विचारलं, "हा आकडा कोणी सांगितला?" दाजींनी वळून माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. ते म्हणाले, "मीच सांगितला, साहेब."

साहेब म्हणाले, आकडा खोटा, तर बाकीचं तरी खरं कशावरून? बोटं समोर नव्हती, हे त्यांना दिसत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पुढच्याच महिन्यात वसंताकाकांच्या नातवाचं बारसं होतं. जेवताना कोणी विचारलं, संपत, तुझ्या हातचा अर्ज आणि फेटाळला कसा? वीस माणसं बघत होती. मी म्हणालो, मी काय करणार, दाजींनीच चौदा सांगितली. दाजी पंगतीत समोर बसले होते. डाव्या हाताने जेवत होते, तेव्हा नुकतंच जमायला लागलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. नंदा ताटावरून उठली.

बाजारात लोक हसतात ते माझ्या वाक्याला.

आम्ही अर्जनवीस गिऱ्हाइकाचे कच्चे कागद ठेवतो, उद्या तक्रार आली तर असावेत म्हणून. तो सोबत आहे. चार हा आकडा माझ्याच अक्षरात आहे. आईला दाखव. तिने मला विचारलं आहे, हेच उत्तर.

तुझ्या बाकीच्या मजकुरात काही बदलू नकोस. शुद्धलेखन बघितलं. ठीक आहे.

संपत

टेंभुर्णी, २५ जून

मामा,

इस्माईलचाचा बाजार सोडून दोन तास आमच्या दारात उभे होते. "हाथ में ही देना है, ज़बान दी है," म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला आणि पाकीट माझ्या हातातून घेतलं.

तिनं ते दोनदा वाचलं. मंग कच्चा कागद उजेडाला धरून बघितला. बाबा झोपले होते, त्यांना उठवलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. बाबा म्हणाले, "आता कशाला पाठवलं यानं?" आई म्हणाली, "तुमी मला सांगितलं न्हाई. मला." एवढंच तिचं भांडण. मंग भांडी घासायला बसली आणि एक एक भांडं असं आपटलं की शेजारच्या सुरेखाकाकू बघायला आल्या.

मी बाबांना विचारलं, तुम्ही गप्प का बसलात? म्हणाले, "त्याचा परवाना गेला असता. कागदाबिगर त्याला दुसरं काय येतं? मला एक हात शिल्लक व्हता."

मी विचारलं, आणि बारशात? तिथं काय परवाना जाणार होता? कच्च्या कागदाची घडी घालत म्हणाले, "तिथं मला बी लई लागलं." अकरा वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाले. तुम्ही हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

वाक्य काढलं. पण मंग अडकले. कारण बाबा साहेबासमोर 'मीच सांगितला' म्हणाले, ते पण खोटंच की. एकदाच, पण खोटं. आणि माझ्या निवेदनात लिहिलंय की मला जेवढं आहे तेवढंच सांगणाऱ्या माणसांत जायचंय. ते दोनशे शब्दांत कुठं बसवायचं, मला काल पूर्ण दिवस कळलं न्हाई. तुम्हाला विचारावं असं एकदा मनात आलं. त्याचाच राग आला.

शेवटी असं लिहिलं: 'अर्जात चार वर्षांऐवजी चौदा वर्षं लिहिली गेली. माझ्या वडिलांनी चार सांगितली होती. लिहिणाऱ्याची रोजी जाऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. ते बरोबर वागले की चूक, मला ठरवता येत नाही. पण बाजारात मी त्यांचा हात सोडायचे, ते चूक होतं.' बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. एकशे सत्त्याण्णव शब्द झाले.

तुमचं नाव घातलं न्हाई. दया म्हणून न्हाई. शब्द पुरत नव्हते.

आजच टाकलं, उद्याची वाट बघितली न्हाई. बाबा सोबत आले होते, पोस्टापर्यंत बाजारातून चालत गेलो. हात धरून. एकानं "काय चौदा वर्षं, कुठं निघाले" म्हटलंच. मी थांबून म्हटलं, चार. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, चार वर्षं. पुन्हा बोलायचं तर चार म्हणायचं. बाबा मला ओढत होते, चल म्हणून. मी एकटी किती जणांना सांगणार? तुम्ही वीस जणांना एका दमात सांगितलं होतं.

निकाल लागला तर तुम्हाला कळवणार न्हाई. मी तुम्हाला माफ केलेलं न्हाई आणि आईनं तर बिलकुल न्हाई. बाबांनी केलंय, पण ते त्यांचं ते.

अर्पिता

अंबड, २८ जून २०२५
पोस्टकार्ड

ती. वसंताकाका यांस,
मु. पो. अंकुशनगर

सा. न. वि. वि.

सन २०१४ मध्ये आपल्या नातवाच्या बारशाच्या पंगतीत मी सर्वांसमोर म्हणालो होतो की, अर्जातला चौदा वर्षांचा आकडा हरिओम दाजींनी सांगितला. त्यांनी चार सांगितली होती. चौदा मी लिहिली. मी तेव्हा खोटे बोललो.

त्या पंगतीतले जे हयात आहेत त्या सतरा जणांना आज असेच कार्ड टाकले आहे. कार्ड उघडेच असते. वाटेत कोणी वाचले तर वाचू द्यावे.

संपत